दोन डोंगर, मध्ये सूर्य

मंडळाच्या पिकनिकला आपण विंडरमियरला जातो तेव्हा एक गोष्ट न चुकता होते. बटाटेवडे संपले, चहाचे थर्मास उलटे झाले, की कोणीतरी हाका मारून सगळ्यांना गोळा करतं आणि आपण तळ्याकडे पाठ करून ओळीने उभे राहतो. पुढची मुलं खाली बसतात. फोटो निघतो, मग आपली बस निघते. आमच्याकडे असे फोटो १९७८ पासूनचे आहेत. त्यात माणसं ओळखू येतात, कोणाच्या डोक्यावर तेव्हा किती केस होते तेही कळतं. पण आमच्या पाठीमागे कोणता डोंगर होता, ते त्यातल्या एकाही फोटोवरून आम्हाला सांगता आलं नसतं.

निवृत्तीनंतर तुम्ही दोघं वह्या घेऊन कुठे भटकत असता, त्याबद्दल लिहा, असं संपादकांनी सुचवलं. एक लेख आणि लिहिणारे दोघं, म्हणून सगळीकडे 'आम्ही'. जिथे आमचं एकमत नाही तिथे तसं लिहिलं आहे.

आमच्यातली एक शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ड्रॉइंगच्या परीक्षा पास झालेली आहे, दुसरी 'ए' ग्रेडने. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द ज्यांना आठवतात त्यांना या 'ए' ग्रेडची किंमत वेगळी सांगायला नको. पुढे जे.जे.मध्ये जायचं मनात होतं, घरच्यांनी बी.कॉम.ला घातलं. आमच्यातल्या दुसऱ्याचा चित्रकलेशी संबंध इंजिनिअरिंग ड्रॉइंगपुरता, म्हणजे टी-स्क्वेअर आणि सेटस्क्वेअर हातात नसतील तर रेघ मारायची नाही असा. २०१६ मध्ये आम्ही दोघंही नोकरीतून मोकळे झालो. पहिले सहा महिने घरातल्या घरात एकमेकांच्या पायात येण्यात गेले. २०१७ च्या मे महिन्यात एका लख्ख सकाळी दोन वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि डब्यात धपाटी घेऊन आम्ही रिव्हिंग्टनला गेलो आणि एका भिंतीवर बसून समोरचा डोंगर काढायला लागलो.

तासाभराने वह्या एकमेकांना दाखवल्या. दोघांच्याही पानावर दोन डोंगर, दोन्ही त्रिकोणी. एकाच्या चित्रात मध्ये सूर्य होता, तोही किरणांसकट. दुसऱ्या चित्रात सूर्य नव्हता, पण डोंगरातून निघून पुढे रुंद होत जाणारी एक वळणावळणाची नदी होती. तिथे नदी नाही. त्रिकोणी तर त्या डोंगरात काहीच नाही, तो मोठ्या म्हशीने अंग टाकावं तसा आडवा पसरलेला आहे. नारळाचं झाड आणि झोपडी तेवढी काढायची राहिली होती. मराठी शाळेत तिसरी-चौथीत जे निसर्गचित्र हाताला बसलं तेच साठ-पासष्टाव्या वर्षी लँकेशायरमध्ये बसून आम्ही काढलं होतं. आणि समोर बघून काढलं, अशी दोघांचीही प्रामाणिक समजूत होती. इंटरमिजिएट 'ए' ग्रेडचासुद्धा काही उपयोग झाला नाही. आम्ही समोरचं चित्र काढायला बसलो आणि दोघांनीही स्मरणचित्र काढलं.

त्यानंतर काही दिवसांनी एका धर्मादाय दुकानात जुन्या पुस्तकांच्या ढिगात जॉन रस्किनचं 'द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' सापडलं. पुस्तक १८५७ सालचं, आमच्या हाती आलेली प्रत अर्थात पुनर्मुद्रित. १८५७ मध्येच मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, त्यामुळे आमच्यातल्या एकीला तो शुभशकुन वाटला. रस्किन लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात १८५४ पासून कामगारांना चित्रकला शिकवत असे, आणि शिकवणारा कोणी जवळ नसलेल्यांसाठी त्याने पत्रांच्या रूपात हे पुस्तक लिहिलं. एकूण तीनच पत्रं, पण चांगली लांबलचक. माणूस हट्टी आणि कडक. आमच्या लहानपणच्या मास्तरांची आठवण यावी असा.

पहिलाच धडा असा: कागदावर एक लहान चौकोन आखा आणि पेनने बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून तो इतका सारखा भरा की राखाडी कापडाचा तुकडा चिकटवल्यासारखा दिसला पाहिजे. आम्हाला वाटलं, यात काय. पंधरा दिवस आमचे चौकोन कुठे विरलेल्या तर कुठे ठिगळ लावलेल्या धोतरासारखे दिसत होते. मग रस्त्यावरचा एक गोल दगड उचलून आणायचा आणि तो काढायचा. दगडाला बाह्यरेषा नसते, असतात त्या उजेडाच्या आणि सावलीच्या पायऱ्या, हे रस्किनचं म्हणणं. आम्ही दगड आणला, धुतला, ताटात ठेवला. शेजारच्या बाईंनी तो पाहिला आणि विनयाने विचारलं, हा तुमचा देव का? नाही म्हणालो. पण महिनाभर रोज त्याच्यासमोर बसत होतो, तेव्हा त्या अगदीच चुकल्या होत्या असं नाही.

झाडाचा धडा आम्हाला सगळ्यात आवडला. पानं गळालेलं झाड घ्यायचं, आभाळावर उमटलेल्या त्याच्या काळ्या फांद्या म्हणजे नकाशातल्या नद्या समजायच्या आणि त्या नकाशासारख्याच नेमक्या उतरवायच्या. फांदी कशी असते याची आपली माहिती बाजूला ठेवायची. ही फांदी त्या फांदीला कुठे ओलांडते आणि त्यांच्यामध्ये आभाळाचा केवढा तुकडा राहतो तेवढंच बघायचं. इथे इंजिनिअर पुढे गेला आणि 'ए' ग्रेड मागे पडली. झाड कसं दिसतं ते तिला आधीच माहीत होतं, त्याला काहीच माहीत नव्हतं.

रंगाकडे आल्यावर तर भांडणंच झाली. पांढऱ्या पुठ्ठ्याला वाटाण्याएवढं भोक पाडायचं, ते हातभर लांब धरायचं आणि त्यातून एका वेळी एकच रंग बघायचा. मग त्या भोकाशेजारी पुठ्ठ्यावर तसाच रंग तयार करायचा. लांबचा डोंगर हिरवा, असं आपण म्हणतो. भोकातून पाहिला तर हिरवा कुठेच नाही. एक म्हणाली जांभळट, दुसरा म्हणाला राखाडी, आणि आजही तो निकाल लागलेला नाही. उन्हातलं गवत तर पार पिवळं निघालं. एवढी वर्षं इथल्या हिरव्यागार कुरणांची वर्णनं आम्ही पत्रांतून गावी कळवत होतो.

हवेबद्दल न लिहिलेलंच बरं. इथे जलरंग वाळत नाहीत. चित्र पुरं व्हायच्या आत वरून चार थेंब पडतात आणि आभाळ डोंगरात उतरतं. बोटं गारठली की ब्रश आपल्या मर्जीने चालतो. उन्हाळ्यात चिलटं रंगात पडतात. आमच्या एका चित्रात ती अजून आहेत, पक्षी म्हणून खपून जातात. कॉन्स्टेबलने १८२१ आणि १८२२ मध्ये हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांची कितीतरी चित्रं काढली आणि पाठीमागे तारीख, वेळ, वारा यांची टिपणं केली. आम्हीही पाठीमागे टिपणं लिहितो. त्यात बहुतेक वेळा 'पाऊस आला, गाडीत बसलो' असं असतं.

त्या निमित्ताने जुन्या चित्रकारांच्या आणखी युक्त्या वाचनात आल्या. त्यातली एक पिकनिकवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. अठराव्या शतकात लेक डिस्ट्रिक्ट बघायला येणारे हौशी लोक खिशात एक लहान, काळपट, किंचित फुगीर आरसा आणत. त्याला 'क्लॉड ग्लास' म्हणत, क्लॉड लोरेन या जुन्या चित्रकाराच्या नावावरून. देखाव्याकडे पाठ करायची, आरसा समोर धरायचा आणि त्यात देखावा पाहायचा. भडक रंग मवाळ होतात, पसारा आवरला जातो, आणि सगळं कसं क्लॉडच्या चित्रासारखं दिसतं. कवी टॉमस ग्रे १७६९ मध्ये केसविकजवळ असाच आरशात बघत चालला असता मागच्या मागे एका चिखलाच्या वाटेत पडला. बोटांची ढोपरं फुटली, पण हातातला आरसा उघडाच राहिला आणि त्यात सूर्यास्त दिसला, यावर स्वारी खूश. १७७८ मध्ये टॉमस वेस्टने या भागाचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, त्यात तर कुठे उभं राहून बघायचं त्या जागासुद्धा ठरवून दिल्या. विंडरमियरच्या पश्चिम काठावर त्यातल्या एका जागी पुढे खास देखावा बघण्यासाठी घर बांधलं गेलं, खिडक्यांना रंगीत काचा घालून. क्लेफ स्टेशन त्याचं नाव. आता नॅशनल ट्रस्टने ते दुरुस्त करून ठेवलं आहे, फेरीतून उतरून चालत जाता येतं. तेव्हा तळ्याकडे पाठ करून उभे राहणारे आपण काही पहिले नाही.

आम्ही जुन्या घड्याळाची फुगीर काच मागून काळी रंगवून असा आरसा घरी केला. बंद मोबाइलच्या काळ्या पडद्यातही थोडंफार तसंच दिसतं. आरशात कॉनिस्टनचं तळं फारच सुंदर दिसलं. तळ्याच्या पलीकडच्या काठावर ब्रँटवुड हे रस्किनचं घर आहे. १८७१ मध्ये त्याने ते घेतलं आणि १९०० मध्ये तिथेच वारला. त्याच्या घरासमोर त्याच्या शिकवणीच्या नेमकं उलट करतोय असं वाटून आम्ही आरसा पिशवीत टाकला. आमच्यातल्या एकीचं मत असं की आरसा आणि तिसरीतलं निसर्गचित्र या दोन्ही गोष्टी एकच काम करतात, म्हणजे समोर काहीही असलं तरी आपल्याला हवं तेच दाखवतात. दुसऱ्याला आरसा आवडला होता.

काच मात्र दोघांनाही पटली. १४३५ मध्ये इटलीतल्या आल्बर्टीने चित्रकलेवर पुस्तक लिहिलं, त्यात चित्रकार आणि वस्तू यांच्यामध्ये उभं-आडवं सूत भरलेलं विरळ वस्त्र ताणून धरायची युक्ती आहे. कोणत्या चौकोनात काय दिसतं ते बघायचं आणि कागदावरच्या त्याच चौकोनात काढायचं. जर्मनीतल्या ड्यूररने १५२५ च्या आपल्या पुस्तकात समोर बसलेल्या माणसाचं चित्र काचेवर काढणारा चित्रकार दाखवला आहे. डोकं हलू नये म्हणून तो एका डोळ्याने एका ठरावीक भोकातून बघतो. व्हॅन गॉगने हेगला असताना, १८८२ मध्ये, सुताराकडून आणि लोहाराकडून अशी चौकट करून घेतली होती आणि ती तो समुद्रकिनाऱ्यावर रोवत असे. एवढी मोठी माणसं चौकट वापरत होती, मग आम्हाला कसली लाज.

फोटोफ्रेम घेतली, गोधडीचा काळा दोरा उभा-आडवा बांधला आणि जुन्या कॅमेऱ्याच्या तिवईवर बसवली. हनुवटी काठीवर टेकायची, एक डोळा मिटायचा. रांगोळीचे ठिपके मोजत जशी रेघ न्यायची तसंच हे काम आहे: डोंगराची कड दुसऱ्या चौकोनाच्या मध्यावर सुरू होते, चौथ्यात खाली येते. रिव्हिंग्टनच्या रस्त्यावर आमची ही तिवई बघून फिरायला आलेले एक गृहस्थ काळजीने विचारते झाले की इथून नवा रस्ता जाणार आहे का. आम्ही कौन्सिलची माणसं नसल्याची खात्री पटल्यावर त्यांनी स्वतः हनुवटी टेकवून बघितलं आणि आम्हाला डोंगराचे भाग नावांनिशी सांगितले. उजवीकडची लांब पाठ ती विंटर हिल, ४५६ मीटर, तिच्यावर टीव्हीचा मनोरा. मधल्या कडेवर दगडांच्या राशी आहेत त्या टू लॅड्स. आणि डावीकडचा लहानसा सुळका तो रिव्हिंग्टन पाइक, त्याच्या माथ्यावरचा बुरूज १७३३ चा. उतारावरचे गडगे तर आम्ही तोवर बघितलेच नव्हते. कोकणातल्यासारखेच, नुसते दगडावर दगड रचलेले. २०१८ च्या जूनमध्ये विंटर हिलवर वणवा लागला आणि कित्येक दिवस धूर दिसत होता, तेव्हा वणवा कुठल्या अंगाला पसरतोय ते आम्हीच शेजाऱ्यांना सांगत होतो.

हा डोंगर आमच्या घरामागेच आहे. १९८२ पासून आम्ही या घरात राहतो.

आता जे लिहायचं आहे ते लिहावं की नाही यावर आमचा बराच वाद झाला. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. गाडी काढून रिव्हिंग्टनला जाणं योग्य नव्हतं. तेव्हा घरातूनच काढावं असं ठरलं. कॉन्स्टेबलही काचेवर देखावा गिरवून मग कागदावर घेत असे, असं वाचलं होतं. आमच्याकडे तर खिडकीचीच काच होती. वरच्या मागच्या खोलीतून डोंगर दिसतो. ती आईची खोली.

(आमच्यातली एक 'आई म्हणाल्या' लिहिते आणि दुसरा 'आई म्हणाली'. इथे मुलाचं ऐकलं आहे.)

अण्णा गेल्यावर, १९९३ मध्ये आई वाईहून आमच्याकडे आली. पहिल्याच दिवशी खिडकीशी उभं राहून तिने विचारलं, "ह्या डोंगराचं नाव काय रे?" आम्ही म्हणालो, इथे सगळीकडे असेच डोंगर, नाव कोणाला ठाऊक. त्या घरात तेव्हा आम्हाला अकरा वर्षं झाली होती. तिने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "मग हा आपला पांडवगड." वाईच्या घराच्या गच्चीवरून पांडवगड दिसतो. इथला सुळका त्याच्यापुढे अगदीच किरकोळ, पण ती फोनवर मावशीला सांगायची की माझ्या खोलीतून पांडवगड दिसतो म्हणून. आम्ही हसायचो.

पुढे तिचे गुडघे गेले आणि दिवसाचा बराच वेळ ती खोलीतल्या खुर्चीत बसायला लागली. उजवा डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. खुर्ची जरा हातभर तिकडे, उजवीकडे सरकवून द्या, असं ती म्हणायची. तिकडे रेडिएटर नाही, तिकडे थंडी वाजेल, शिवाय दिव्याची वायर पोचत नाही, असं आम्ही सांगायचो. खोटं काही नव्हतं त्यात. दोन-तीनदा म्हणाली असेल. मग म्हणायची थांबली. २००२ मध्ये ती गेली. खुर्ची तिथेच राहिली, इस्त्रीचे कपडे ठेवायला.

त्या एप्रिलमध्ये कपडे उचलून आमच्यातली एक त्या खुर्चीत बसली, कारण डोकं टेकायला मागे उंच पाठ होती. उजवा डोळा हाताने झाकला आणि दुसरा तिच्या सांगण्याप्रमाणे काचेवर मार्करने ठिपके देत गेला. आधी उजवीकडून: विंटर हिलची लांब पाठ, मनोरा, उतार, टू लॅड्स. मग खिडकीच्या मधला उभा दांडा आला. दांड्याच्या पलीकडे, डावीकडे, नुसता खाली जाणारा उतार. पाइक नव्हता. आम्हाला वाटलं, मोजण्यात चूक झाली. जागा बदलून दुसरा बसला. त्यालाही तेच दिसलं. उजवा डोळा उघडला की सुळका दांड्याच्या उजवीकडून बुरुजासकट डोकावायचा, मिटला की गेला. चार बोटं रुंदीचा तो दांडा आणि त्याच्यामागे नेमका तेवढाच डोंगर.

खुर्ची हातभर उजवीकडे सरकवून बघितली. पाइक पुरता दिसला.

तिला बागेतली सफरचंदाची झाडंही त्या बाजूने जास्त दिसली असती, कदाचित तेवढ्यासाठीच म्हणत असेल, असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं आहे. दुसरीला ते पटत नाही. ती म्हणते, झाडं बघायची असती तर आई तसं सरळ म्हणाल्या असत्या. पांडवगडाचं नाव काढलं की आपण हसायचो. यावर पहिल्याकडे उत्तर नाही.

काचेवरचे ठिपके आम्ही जोडले, वर पातळ कागद धरून चित्र उतरवून घेतलं. नंतर सरकवलेल्या खुर्चीतून लाल मार्करने दुसरी रेघ काढली. दोन्ही रेघा अजून काचेवर आहेत. खिडक्या पुसणारा येतो तो बाहेरून पुसतो, एकदा त्याने खुणेने विचारलं की आतून पुसून देऊ का, तर नको म्हणालो. खुर्ची आता उजवीकडेच असते. दिव्याला लांब वायर आणली, साडेतीन पौंडांना मिळाली.

ज्यांना यात रस असेल त्यांनी जरूर फोन करावा. एक जुनी फोटोफ्रेम, काळा दोरा, वाटाण्याएवढ्या भोकाचा पुठ्ठा आणि अंगात पुरेसे स्वेटर, एवढं पुरतं. पुढच्या पिकनिकला तिवई आणूच, फोटोच्या आधी पाच मिनिटं प्रत्येकाने हनुवटी टेकवून बघायला हरकत नाही.

संपादकांनी लेखासोबत एखादं चित्र मागितलं आहे. जलरंगातलं दिलं असतं, पण आमचे फिके रंग झेरॉक्समध्ये उमटत नाहीत, सगळं पांढरं येतं. म्हणून काचेवरून उतरवलेलं पहिलं चित्र, काळ्या शाईने गिरवून, देत आहोत. त्यात डावीकडच्या बाजूला डोंगराची रेघ तुटून एक उभी कोरी पट्टी दिसेल. ती झेरॉक्स मशीनची चूक नाही.